पहिला गुण कोणाचा

आमच्या घरात जेवणाच्या पानावर श्वास रोखायला बंदी होती. ही बंदी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घातली होती आणि ती फक्त मला लागू होती, कारण घरात दुसरं कोणी श्वास रोखत नव्हतं. मी हुतूतू खेळायचो. चढाईला जाणाऱ्या गड्यानं मध्यरेषा ओलांडल्यापासून परत येईपर्यंत एका दमात 'हुतूतूतू' म्हणत राहायचं, दम तुटला की तो बाद. त्यामुळे दम वाढवणं हे माझं त्या वर्षीचं एकमेव काम होतं. मी अंघोळीच्या मोरीत हुतूतू करायचो, दळण आणताना करायचो, आणि अण्णा देवाला फुलं वाहत असताना पलीकडच्या खोलीत तोंडावर उशी घेऊन करायचो. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकूंना मला दमा आहे असं कळलं होतं आणि त्या दर एकादशीला आल्याचा रस पाठवायच्या. तो मी पीत असे. रस चांगला असायचा.

आईची पद्धत वेगळी होती. ती प्रायमस पेटवून त्यावर दुधाचं पातेलं ठेवायची आणि मला म्हणायची, "कर सुरू." दुधाला कड फुटून साय वर चढेपर्यंत मी दम धरला तर ती काही बोलायची नाही. त्याआधी तुटला तर म्हणायची, "काल जास्त होता." तिला खेळातलं काही कळत नव्हतं, पण दूध कळत होतं. मुलुंडला आमच्या दोन खोल्या होत्या, पुढे गॅलरी, मागे चिंचेचं झाड, आणि त्यापलीकडे मिठागरांपर्यंत गवतच गवत. सकाळी प्रायमसचा घरघराट, अण्णांचं स्तोत्र आणि माझं हुतूतू हे तिन्ही आवाज एकदमच सुरू व्हायचे. अण्णा म्हणायचे, या घरात देवाला आपलं नाव ऐकू येत असेल तर तो खरंच मोठा आहे.

त्यांचा राग हुतूतूवर नव्हता, माझ्यावर होता. मी मॅट्रिकला दोनदा नापास झालो होतो. पहिल्यांदा गणितात, तेव्हा अण्णा म्हणाले की असं होतं. दुसऱ्यांदा गणितात आणि इंग्रजीत, तेव्हा त्यांनी अकोल्याच्या काकांना पत्र टाकलं. काकांचं अकोल्याला सरकीचं दुकान होतं. दिवाळीनंतर मी तिकडे जाऊन गादीवर बसायचं आणि सरकी विकायला शिकायचं असं ठरलं. अण्णा विमा कंपनीत कारकून होते. एकदा कागदावर उतरलेली गोष्ट त्यांच्या दृष्टीनं झालेली असायची. मी सरकी आयुष्यात बघितली नव्हती, पण रात्री डोळे मिटले की मला ती दिसायची.

यातून सुटायची एकच वाट निघाली. आग्रा रोडवर एक रंगाचा कारखाना होता. तिथले लेबर ऑफिसर सबनीस यांना कारखान्याचा हुतूतूचा संघ उभा करायचा होता. त्यांनी आमच्या भागातल्या स्पर्धेच्या आधी सगळ्यांना सांगून टाकलं की जो संघ जिंकेल त्यातले दोन गडी मी कायम नोकरीत घेईन, मॅट्रिक असो वा नसो. हे शेवटचे शब्द माझ्यासाठीच उच्चारले गेले असं मला वाटलं. आमच्या संघाचा कप्तान शऱ्या, म्हणजे शरद, माझा शाळेपासूनचा दोस्त. तो आणि मी हे आमच्या संघातले दोन चढाईबहाद्दर. आम्ही जिंकलो तर ते दोघे कोण, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नोकरी लागली तर अकोल्याला पत्र टाकीन. आधी टाकणार नाही."

स्पर्धा वजनी गटाची होती. गड्यांची वजनं कोळशाच्या वखारीतल्या मोठ्या काट्यावर व्हायची, कारण माणूस मावेल असा काटा दुसरीकडे नव्हता. लंगोटावर काट्यात बसायचं आणि उठलं की मागची बाजू काळी. ज्याची काळी तो वजनात बसला, असा आमचा हिशेब. मी थोडासाच जास्त भरलो. आठवडाभर मी आईचं जेवण टाळत होतो. ती रोज माझ्या आवडीचं काहीतरी करायची, कधी वालाची उसळ, कधी नारळाच्या दुधातला भात, आणि मी भाकरीचा चतकोर खाऊन उठायचो. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. एवढं करूनही काटा माझ्याविरुद्ध. तेव्हा रांगेत माझ्यामागे उभा असलेला एक काळासावळा, रुंद खांद्यांचा पोरगा शांतपणे म्हणाला, "केस काप तुझे. नुसतो कोंबडोच अर्धो शेर भरतलो."

कपाळावर केसांचा फुगवलेला कोंबडा ठेवायची तेव्हा फॅशन होती आणि माझा कोंबडा मुलुंडमध्ये पहिल्या तिनांत होता. मी चिडलो, पण दुसरा उपाय नव्हता. समोरच न्हावी बसला होता. त्याच्याकडे जाऊन मी डोकं तुळतुळीत करून आलो, वखारीमागे जाऊन जेवढं थुंकता येईल तेवढं थुंकलो, आणि काटा एकदाचा मानला. तो पोरगा हसला नाही, फक्त मान हलवली. त्याचं नाव बाबी तावडे, भांडुपच्या संघाचा उजवा कोपरा. गिरणीत बदली कामगार होता. म्हणजे रोज सकाळी दारात जाऊन उभं राहायचं आणि एखादा कायम कामगार गैरहजर असला तरच आत घ्यायचे. भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी चाळीत आई आणि दोन धाकट्या बहिणी, वडील नव्हते. सबनीसांची ती नोकरी त्यालाही हवीच होती. हे सगळं त्यानं वखारीबाहेर मला सांगितलं, आपण उद्या बाजाराला जाणार आहोत असं सांगावं तसं. मी घरी गेलो तेव्हा माझं डोकं बघून आईनं हातातली परात खाली ठेवली आणि कोण गेलं असं विचारलं. कोणी गेलं नाही हे तिला पटवायला बराच वेळ लागला. अण्णा घरी आले तेव्हा त्यांनीही तेच विचारलं.

अंतिम सामना रविवारी दुपारी, आमचा आणि भांडुपचा. मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा. तिच्यावर मिठागराकडची मऊ माती आणून पसरलेली, चुन्यानं आखलेल्या रेषा, आणि एका बाजूला सबनीसांसाठी टेबल आणि तांब्या-भांडं. पंच होते चौबळ मास्तर. ते शाळेत आम्हाला ड्रिल शिकवायचे आणि शिट्टी तोंडात ठेवूनच बोलायचे. नाणं उडालं, पहिली चढाई आमची, आणि शऱ्यानं मला पाठवलं.

आता इथे मला जरा थांबून एक पद्धत सांगायला हवी, कारण आजकाल टीव्हीवर कबड्डी बघणाऱ्या माझ्या नातवंडांना ती खोटी वाटते. आमच्याकडे चढाईवाल्याचा स्पर्श झाला की ज्याला झाला तो गडी स्वतः हात वर करायचा आणि मैदानाबाहेर जाऊन बसायचा. पंचानं शिट्टी मारायची वाट बघायची नाही. पंचाला दिसो न दिसो, लागलं तर लागलं. जो लागूनही उभा राहायचा त्याला पुढच्या सामन्यात कोणी साखळीत हात देत नसे. गुण पंच मांडायचे, पण दिलेला असायचा तो ज्याला लागलं त्यानं.

मी नाटकी खेळायचो, हे कबूल करतो. माझ्या चकचकीत डोक्यावर ऊन पडत होतं, पब्लिक हसत होतं, आणि मला ते आवडत होतं. मी हुतूतू करत उजव्या कोपऱ्याकडे गेलो, हाताची हूल दिली आणि वळता वळता मागच्या पायानं लाथ फेकली. पाय बाबीच्या गुडघ्यापासून वीतभर लांबून गेला. माझ्या पायाला वाऱ्याशिवाय काही लागलं नाही, हे मी आजही कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. पण मी परत वळलो तर बाबीचा हात वर, आणि तो बाहेर चाललेला. चौबळ मास्तरांनी आमच्या नावावर गुण मांडला. मी दोन्ही हात पसरून आमच्या हद्दीत आलो, पब्लिकला नमस्कारसुद्धा केला. मनात आलं की सांगावं. मग वाटलं, पहिलंच मिनिट आहे, एक गुण, अजून चाळीस मिनिटं खेळायचंय. बोलायचं राहून गेलं असं म्हणतात तसं ते नव्हतं. मी नाही बोललो.

सामना असा झाला की भांडुपवाले एकदा पुढे, आम्ही एकदा पुढे. बाबीनं तीन वेळा मला घोट्यात धरून पाडलं. चाळीस मिनिटं संपली तेव्हा गुण सारखे. मास्तरांनी शिट्टी तोंडातून काढली, म्हणजे काहीतरी गंभीर होतं, आणि नियम मोठ्यानं सांगितला. पाच-पाच मिनिटांचे दोन जादा डाव, बाजू बदलायच्या, गडी तेच, नवीन कोणी आत यायचा नाही. आम्ही सगळे धापा टाकत लिंबाच्या फोडी चोखत होतो. पुढचा अर्धा नियम कोणी धड ऐकला नाही. त्या दहा मिनिटांतलं मला फार आठवत नाही, फक्त घशात माती आणि कानात माझाच दम. शेवटचं अर्धं मिनिट राहिलं तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि चढाईला बाबी आला होता. त्यानं आमच्या साखळीवर दोनदा झेप घेतली आणि रिकामा परत फिरला. निदान मला, मास्तरांना आणि सबनीसांना तसंच दिसलं. आमच्या बाजूनं टाळ्या सुरूही झाल्या. तेवढ्यात शऱ्यानं हात वर केला. बाबीच्या बोटाचं टोक त्याच्या मनगटाला लागलं होतं, फक्त त्याला माहीत होतं. तो बाहेर जाऊन बसला, गुण पुन्हा सारखे झाले आणि वेळ संपली.

मग मास्तरांनी नियमाचा राहिलेला अर्धा भाग वाचला. जादा डावांनंतरही बरोबरी राहिली तर सामन्यातला पहिला गुण ज्या संघाचा, तो विजयी. त्यांनी वही उघडली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, मुलुंड.

पोरांनी मला उचललं. शऱ्याला उचलायला हवं होतं, पण पहिला गुण माझा म्हणून मला उचललं. खांद्यावर बसलं की सगळं मैदान दिसतं. मला सबनीस टेबलावरचा कप पुसताना दिसले. अकोल्याची गाडी माझ्याशिवाय सुटताना दिसली. आणि बाबी दिसला. तो मातीत बसून गुडघ्याला बांधलेली चिंधी सोडत होता आणि त्याच्या भोवती कोणी नव्हतं. भांडुपची बाकीची पोरं जरा लांब उभी राहून त्याच्याकडे बघत होती. पहिला गुण बाबीनं दिला होता हे त्यांनाही मोजता येत होतं. मी पोरांना म्हटलं, खाली सोडा. मी धाडसी आहे म्हणून नव्हे. शऱ्या अर्ध्या मिनिटापूर्वी हात वर करून बसला होता आणि मी त्याच्याच संघातल्या पोरांच्या खांद्यावर होतो, ते मला सोसेना. मी घसरत खाली उतरलो आणि मास्तरांकडे गेलो.

मी म्हणालो, "मास्तर, पहिला गुण खोटा आहे. माझा पाय त्याला लागलाच नव्हता."

आमच्या पोरांपैकी एकानं मला मागून बनियनला धरून ओढलं, दुसरा म्हणाला याला ऊन लागलंय, डोक्यावर केस नाहीत ना. शऱ्या जवळ आला आणि हळू आवाजात बोलला, "मी हात वर केला तो तेव्हाच केला रे. तू काय आता करतोस?" मास्तरांनी वहीतल्या पहिल्या ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाले की गुण तुझ्या सांगण्यावर मांडला नव्हता, तुझ्या सांगण्यावर खोडणार नाही. ज्यानं दिला त्याला विचारतो. त्यानं नाही म्हटलं तर खोडीन. मग भांडुपचा एक गुण जास्त होतो, कप त्यांचा. हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. सबनीसही टेबलावरून उठून आले.

बाबीला बोलावलं. तो चिंधी हातात घेऊन आला. मास्तरांनी विचारलं, लागलं होतं की नव्हतं. त्यानं एक शब्द बोलायचा होता. नोकरी, कप, सकाळी गिरणीच्या दारात उभं राहणं बंद, सगळं त्या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द मी त्याच्या हातात आणून ठेवला होता असं मला वाटत होतं. मी जवळजवळ आनंदात होतो. बाबीनं आधी आपल्या संघाकडे बघितलं. एकेकाकडे बघितलं. मग म्हणाला, "माका लागला. लागला म्हणून मी भायर गेलंय."

मी म्हटलं, अरे नव्हता, वीतभर लांब होता. तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि मी त्याचा राग पहिल्यांदा बघितला. "माझ्या पायाक काय लागला नि काय नाय, ता माका कळतला की तुका?"

मास्तरांनी वही मिटली. कप आम्हाला मिळाला. सबनीसांनी माझं आणि शऱ्याचं नाव लिहून घेतलं आणि सोमवारी दहाला कारखान्यात यायला सांगितलं. शऱ्या घरापर्यंत माझ्याबरोबर चालला, पण रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं.

घरी आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या, जिंकलो तर म्हणून आणि हरलो तरी म्हणून. मी सगळं सांगितलं. मी ते रंगवून सांगितलं असणार, कारण आईनं पदरानं डोळे पुसले. अण्णांनी पोळीवर तूप घेतलं, दोन घास खाल्ले आणि विचारलं, "नोकरी तुला लागली ना?"

मी हो म्हटलं.

"आणि खरं बोलल्याचं श्रेयही तुलाच. मग तुझं काय गेलं?"

एवढंच म्हणून त्यांनी अकोल्याच्या पत्रासाठी पोस्टकार्ड काढलं. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती. क्लेमचे कागद तपासून कोणाचं किती नुकसान झालं हे बघण्याची त्यांना सवय होती, आणि माझ्या कागदावर नुकसानीचा रकाना रिकामा होता. पुढे मी बरीच वर्षं त्यांच्यावर या वाक्यासाठी चिडून होतो. आता माझा मुलगा मला काही मोठेपणानं सांगायला लागला की तेच वाक्य माझ्या तोंडात येतं. मी ते गिळतो, पुरणपोळी असली तर तिच्याबरोबर.

सोमवारी सकाळी मी लवकर निघालो, चालत भांडुपला गेलो. मला वाटत होतं की बाबीला एकट्याला गाठून पुन्हा सांगावं, मग दोघांनी मिळून सबनीसांकडे जावं. काय सांगायचं याची वाक्यं मी रस्ताभर पाठ केली होती. एक-दोन तर फार सुंदर होती. चाळ शोधायला त्रास पडला नाही. नळावरच्या बायकांना नाव सांगितलं तर एकीनं विचारलं, कुठला बाबी, तो कालचा? आणि दुसरी म्हणाली, तोच तो, लागला तर लागला म्हणून कप सोडणारा. तिनं हात लांब करून दार दाखवलं. तिच्या आवाजात असं काही होतं की जणू दार तिच्याच घरचं आहे.

बाबी आत जमिनीवर बसून चहा पीत होता. त्या दिवशी गिरणीत त्याला आत घेतलं नव्हतं. मला बघून तो उठला नाही. त्याची आई चुलीपुढे घावणे काढत होती, तांदळाचे, पातळ, जाळीदार. लहानखुरी बाई, हाताला पीठ. मी कालचा मुलुंडचा गडी असं सांगितलं तर तिनं मला पाट दिला आणि माझ्यापुढे दोन घावणे आणि नारळाचा गोड रस ठेवला. दोन्ही बहिणी कोपऱ्यातून माझ्या डोक्याकडे बघत होत्या. मग ती बोलायला लागली. काल संध्याकाळी चाळीतली अर्धी माणसं येऊन गेली होती. भांडुपची पोरं आधी रागावली होती, मग तीच बाबीला घेऊन आली. म्हातारे दारात येऊन म्हणाले होते की तावड्यांचा मुलगा. ती मुलाकडे हात करून म्हणाली, "झील माझो हरलो. पण लागला तर लागला म्हणान सांगल्यान. तेचो बापूस असतो तर..." आणि तिनं पुढचा घावणा तव्यावर घातला.

मी पाठ केलेली सगळी वाक्यं माझ्या तोंडात होती. मी बाबीकडे बघितलं. तो बशीतल्या चहाकडे बघत होता. त्याला खरंच काही लागलं असं वाटलं होतं का, की त्याला माहीत होतं, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून तेव्हा कळलं नाही. पुढे आम्ही बरीच वर्षं एकमेकांविरुद्ध खेळलो, तो नंतर गोदीत लागला, मी त्याच्या लग्नालाही गेलो, तरी कधी कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्याच्या आईनं घावणे उलटायचा सराटा खाली ठेवला. लोक म्हणत होते की मुलुंडचा पोरगा काल उलटंच काहीतरी सांगत होता, ते तिच्याही कानावर आलं असणार, कारण ती माझ्या समोर येऊन बसली आणि तिनं माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "तू खरा सांग माका. लागला होता मां?"

बाबीची बशी ओठांपाशी थांबली.

मी म्हणालो, "लागला होता, मावशी."

ती उठली आणि तव्याकडे गेली. बाबीनं चहाचा घोट घेतला, बशी खाली ठेवली, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा बोलला.

"आये," तो म्हणाला, "तेका आणखी एक घावणो वाढ."